तारण म्हणजे बोरमाळ नव्हे

“आवो, माझं तारण झालं!” घरात पाऊल टाकताच मी सांगितलं, तर आमचे हे जेवणाचं ताट सोडून उठले आणि तडक लोखंडी पेटीकडं गेले. खरकट्या हातानं कडी काढली, माझ्या लग्नातल्या शालूखाली हात घालून चाचपलं, बोरमाळ हाताला लागली तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “हितंच तर हाय की! मंग काय ठिवलंस तारण?”

आळेफाट्यावरून जीपमध्ये कोंबून आले होते, अंगात अजून प्रार्थनेचा हुरूप होता, डोळे रडून सुजले होते. आणि हा बाबा वरणाच्या हातानं माझा शालू पिवळा करून विचारतोय, काय ठेवलंस! मला इतका संताप आला की काही विचारू नका.

पण त्यांची तरी काय चूक? आमच्या राजुरीत तारण या शब्दाला एकच अर्थ. ऑक्टोबरची छाटणी झाली की द्राक्षबागेला औषधांचा रतीब लागतो. तेवढ्यापुरती घरोघरच्या बायकांच्या गळ्यातली वस्तू नारायणगावच्या शेठजींकडं तारण जायची आणि माल निघाला की परत यायची. यात कुणाला लाज नव्हती आणि दुःखही नव्हतं. संक्रांतीला आमच्या आळीतल्या निम्म्या बायकांचे गळे मोकळे असायचे. “तुमची गेली का?” “गेली की,” असं एकमेकींना विचारायच्या, लेक सासरी गेली का विचारावं तसं.

“बोरमाळ नाही हो,” मी म्हटलं, “मी! माझं तारण झालं. मी येशूची झाले. मेल्यावर मी आता नरकात जाणार नाही.”

ते परत ताटावर बसले. वरणाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “बरं झालं. भाकर वाढ.”

हे सगळं नव्वदच्या दशकातलं. गावात फोन दोन-चार घरी, आणि ख्रिस्ती माणूस एकच. आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाई. त्या नगरकडच्या, जन्मानं ख्रिस्ती, पांढऱ्या साडीत पायी वस्त्या फिरणाऱ्या. त्यांनी कधी कुणाला धर्म सांगितला नव्हता. मलाही सांगितला नाही. मला मूल राहिलं ते दोन्ही वेळा पोटातच गेलं. दुसऱ्या वेळी मी खाटेवर पडलेली, आणि भेटायला येणाऱ्या बायका उंबऱ्यातच एकमेकींशी बोलायच्या, “मागल्या जन्मीचं काय तरी आडवं आलं असंल बाई.” ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तशी माझ्या जिभेला धार होती, पण त्या वेळी उठून बसायचीही ताकद नव्हती. नर्सबाईंनी त्या सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “देव तुझ्यावर प्रीती करतो, बाळा.”

मी हात काढून घेतला. प्रीती! अगं बाई, हा काय शब्द झाला? हा सिनेमातल्या गाण्यातला शब्द. आमच्या घरात प्रेम हा शब्दसुद्धा कुणी उच्चारला नव्हता. नवऱ्याचं फार तर फार काय, “जेवलीस का?” तेही भिंतीकडं बघून. आणि इथं साक्षात देव, आणि तो माझ्यावर प्रीती करतो म्हणे! पडल्या पडल्या माझे कान गरम झाले.

पण तो शब्द काही जाईना. भांडी घासताना यायचा, गोठ्यात शेण काढताना यायचा. माझ्या पोटी लेक नाही, मी कुणाच्या कामाची नाही, आणि तरी कुणीतरी माझ्यावर. मला तो शब्द कुणाला सांगताही येईना. शेवटी मीच नर्सबाईंना विचारलं, “तुमी कुठं जाता रविवारी?” त्यांनी मला आळेफाट्याला नेलं. हार्डवेअरच्या दुकानाच्या वर एक खोली, सतरंजी, ढोलकी, पंधरा-वीस माणसं. कुणी मला विचारलं नाही की मुलं किती. मी खूप रडले आणि कुणी गप्प बस म्हणालं नाही. नंतर बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशीचीच ही बोरमाळेची गोष्ट.

बाप्तिस्मा घेतला आणि मी कुंकू लावायचं सोडलं. आमच्यात तसं शिकवत होते म्हणून सोडलं. आज विचारलंत तर कुंकवात देवाला राग येण्यासारखं काय आहे ते मला सांगता येणार नाही. पण त्या वेळी माझा सगळा कारभार एक घाव दोन तुकडे. गावात बोभाटा झाला. थोरली जाऊ अंगणात येऊन ओरडली, “नवरा ढळढळीत जित्ता, अन् हिचं कपाळ पांढरं! कुणाच्या जिवावर उठलीस गं?” मी पदर खोचून उत्तर देणार, तेवढ्यात हे गोठ्यातून बाहेर आले. म्हणाले, “वयनी, मी उभा हाय न्हवं हितं? का तिच्या कपाळाकडं बघून मला जित्ता धरता?” आणि पुन्हा वैरणीला गेले.

एवढंच ते माझ्या बाजूनं बोलले. त्यांना येशूचं प्रेम आलं होतं असं नाही. त्यांची सकाळची पूजा चालू, एकादशी चालू, चैत्रात जत्रेची वर्गणी चालू. पण माझं कपाळ हे माझं, असा त्यांचा हिशेब.

बायकांनी मात्र मला वाळीतच टाकलं. तसं तोंडानं कुणी म्हणालं नाही. पण संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं थांबलं. शेजारच्या घरी बायका जमायच्या, बांगड्यांचा आवाज, हसणं, उखाण्यांची फर्माईश, सगळं आमच्या भिंतीतून ऐकू यायचं. मी चुलीपाशी बसून राहायची. ज्या बायकांबरोबर पंधरा वर्षं धुणं धुतलं त्या मला ओलांडून गेल्यासारख्या वाटायच्या. बोलून चालून मीच निवडलं होतं, मग कुणाकडं तक्रार करू? त्या संध्याकाळी हे बागेतून लवकर यायचे. काही काम नसताना. समोर बसून शेंगा फोडायचे, निम्म्या माझ्याकडं सरकवायचे.

आणि प्रसादाचं तर निराळंच. कुठं सत्यनारायण असो, सप्ताहाचा काला असो, मी प्रसाद घेत नाही हे सगळ्यांना माहीत. हे मात्र रांगेत उभे राहायचे. उजव्या हातात प्रसाद घ्यायचे, तो डाव्या हातात ठेवायचे, आणि तोच उजवा हात पुन्हा पुढं. “हा माझा झाला. आता बायकोचा द्या.”

वाढणारा म्हणायचा, “राव, त्या तर खात न्हाईत!”

“तुमी द्या. ती खाती का मी खातो, आमचं आमी बघू.”

मग वाटेत दोन्ही प्रसाद स्वतः खाऊन घरी यायचे आणि मला सांगायचे, “तुझा ग्वाड व्हता.” मी म्हणायची, “माझ्या नावावर कशाला मागता हो? मला नको आहे ना तो!” तर म्हणायचे, “नको आसंल. पन वाटनीत तुझं नाव का गळावं?” मी डोक्याला हात लावायची.

आता नरकाचं सांगते, कारण खरं भांडण तिथं होतं.

आमचे पास्टर तरुण होते, मनानं चांगले, पण नरकावर बोलायला लागले की घाम फुटायचा. ज्यानं येशूला स्वीकारलं नाही त्याच्यासाठी मरणानंतर आगीचं आणि गंधकाचं तळं आहे, तिथून सुटका नाही, असं ते सांगायचे. बाकीच्यांना गंधक म्हणजे काय, ते मनानं कल्पावं लागत होतं. मला नव्हतं लागत. द्राक्षाला भुरी आली की गंधक धुरळतात. छाटणीपासून माल निघेपर्यंत आमच्या घराला तोच वास. यांच्या कपड्यांना, उशीला, मिशीला, दुधाच्या पातेल्यालासुद्धा. एका रविवारी मी नरक ऐकून घरी आले, तर हे अंगणात उभे, भुवयांपासून पायापर्यंत पिवळे, डोळे लाल झालेले, सदरा झटकतायत आणि भोवती पिवळा धुरळा.

मी किंचाळले, “आधी अंघोळ करा! आत्ताच्या आत्ता!”

“आगं, काय झालं? साप बघितलास का काय?”

मी सगळं सांगितलं. तळं, आग, गंधक. ते ऐकत राहिले, आणि मग जे हसायला लागले, खोकला येईपर्यंत. “मंग लई ब्येस झालं की! तिथं गंधक मारायला अनुभवी मानूस लागंलच. आपल्याला बसून खायाची सवय न्हाई.”

मी हातातला तांब्या फेकला. लागला नाही, जरा उशीर झाला मला. ते चुकवून म्हणाले, “नरकाचं म्होरल्या म्होरं बघू. आधी उसात बिबट्या शिरलाय त्याचं सांग तुझ्या पास्टरला.” त्या वर्षी खरंच बिबट्या होता, मळ्यात एकटं जायची सोय नव्हती. पण मला हसू आलं नाही. मी भिंतीला टेकून रडायला लागले तेव्हा ते घाबरले आणि चुलीवर पाणी तापवायला स्वतः बसले.

मी का रडले ते त्यांना सांगितलं नाही. त्यांना वाटलं, मला त्यांच्या भाजण्याची भीती. ती तर होतीच. पण त्याच्या मागं आणखी एक होती आणि ती माझीच होती. हे तिकडं, मग स्वर्गात मी एकटी काय करू? सगळे म्हणायचे तिथं उजेड, तिथं गाणी, तिथं डोळ्याला पाणी नाही. मला गाता येत नाही. तिथं मी जेवायला कुणाची वाट बघायची? गावात बायकांनी टाकलं ते मी सोसलं, कारण संध्याकाळी समोर शेंगा फोडणारा एक माणूस होता. तो माणूस नसलेलं सुख मला कायमचं मिळणार, असं मला दर रविवारी हात उंचावून सांगत होते, आणि मी आमेन म्हणत होते.

तेव्हापासून माझा एकच ध्यास, यांना तारायचं. मी त्यांच्या मागं हात धुऊन लागले. जेवताना सांगितलं, पाणी भरताना सांगितलं. बैल दावणीला बांधताना सांगितलं तर म्हणाले, “ह्यो बी ऐकतोय, आधी ह्याचा बाप्तिस्मा उरक.” एकदा मात्र आले. मंचरला मोठी सभा होती, मांडव घातलेला. माझा आग्रह मोडवेना म्हणून धुतलेली टोपी घालून आले आणि पुरुषांच्या बाजूला न जाता माझ्याशेजारीच बसले. शेवटी पास्टर म्हणाले, “ज्यांचं तारण झालंय त्यांनी हात वर करा.” सगळीकडं हात. मी केला. यांना कोपरानं ढोसलं, चिमटा काढला. शेवटी त्यांचं मनगट धरून मीच हात वर उचलायला लागले. त्यांनी हळूच सोडवून घेतला. म्हणाले, “खोटा हात कशाला वर करू गं? तुझ्या देवाला कळंल की.”

परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोलले नाही. कळंब गेलं, नारायणगाव गेलं, आळेफाटा आला. तिथं उतरून त्यांनी माझ्यासाठी भेळ घेतली. मी ती खाल्ली, पण बोलले नाही.

मग एका वर्षी गारपीट झाली. माल तोडायला आठवडा उरलेला, आणि दुपारी अर्ध्या तासात सगळी बाग जमिनीवर. ते साल गेलं, पुढचं सालही फळ धरलं नाही. छाटणीला तारण ठेवलेली बोरमाळ शेठजींकडंच राहिली. तारणाची मुदत असते, ती उलटली की शेठ वस्तू मोडून टाकतो, त्याला तसा हक्कच असतो. मुदत कधीच सरली होती. आम्ही दोघंही ती वस्तू गेली असं धरून चाललो. ती माझ्या आईनं स्वतःच्या गळ्यातली काढून मला घातली होती, म्हणून मी तिचं नाव काढलं नाही, आणि यांनी नारायणगावात ती पेठच सोडली. बाजाराला गेले तर स्टँडाकडून वळसा घालून जायचे, शेठजींना तोंड दाखवायला नको म्हणून.

त्यानंतरच्या हंगामाला देवानं हात दिला. म्हणजे कुणाच्या देवानं ते आम्ही बोललो नाही. हे म्हणाले, “चल, निदान मोडली आसंल त्या माळंची दोन बोलनी तरी खाऊन येऊ.” आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. शेठजी मूळचे मारवाडातले जैन, पण बोलणं आमच्यासारखंच. दिवस बुडायच्या आत जेवायचं त्यांचं व्रत. हात धुऊन आत निघाले होते, आतून त्यांच्या घरच्या हाका मारत होत्या. आम्हांला बघितलं आणि ओला हात धोतराला पुसून ते तिजोरीकडं वळले. काही विचारलं नाही. लाल फडक्याची पुरचुंडी काढून गादीवर सोडली. माझी बोरमाळ. एक मणी लहानपणी मी दातानं चावलेला, त्यावरची खूणसुद्धा तशीच.

हे कसेबसे म्हणाले, “शेठ, मुदत तर…”

“सरली की. कवाच सरली. भाऊ म्हणत होता, मोडून टाका. पण वहिनींच्या अंगावरची वस्तू. मानूस येणार हे मला ठावं होतं, मग मोडायची कशाला?” एवढं बोलून त्यांनी बाहेर उजेडाकडं बघितलं. त्या दिवशीचं त्यांचं जेवण बुडालंच बहुतेक.

यांनी पैसे मोजून गादीवर ठेवले, टोपी काढली आणि तिनं तोंड पुसलं. बागेत गारांचा खच पडला तेव्हा जो माणूस रडला नव्हता, तो शेठच्या दुकानात रडला. एसटीत त्यांनी तिकिटं काढली. मग एकदम म्हणाले, “तुझा देव मुदतीला लई कडक दिसतोय गं. त्यापरीस आमचा शेठ बरा.”

“तोंड आवरा!” मी म्हटलं. पण बोरमाळ माझ्या गळ्यात होती आणि माझ्याच्यानं रागावता येईना.

दोन हजार सालानंतर त्यांच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी पोट उघडून बघितलं आणि परत शिवलं. घरी न्या म्हणाले. नर्सबाईंची तोवर बदली होऊन गेली होती, नाहीतर निदान माझ्याजवळ बसायला कुणी असतं. दिवसभर हे बागेच्या कडेला बाजेवर पडायचे, वेलीकडं बघत. कुठल्या ओळीत भुरी आलीय ते तिथून सांगायचे. मी पास्टरांना बोलावलं. ते आले, बाजेशेजारी जमिनीवर बसून फार प्रेमानं बोलले. यांनी सगळं ऐकून घेतलं, हात जोडले, मला खुणेनं द्राक्षाचा घड आणायला लावला आणि त्यांना वाटेसाठी दिला. “इचार करतो,” म्हणाले.

पास्टर गेल्यावर मी यांना धरलं. “आता कसला विचार? नुसतं हो म्हणा. मनातल्या मनात म्हणा. माझ्यासाठी म्हणा.”

ते बागेकडं तोंड करून पडले. मग म्हणाले, “माझा बा तिकडं. आई तिकडं. आपली दोन न्हाई जगली, ती कुठं हाईत कुणाला ठावं. अन् म्या एकल्यानंच तुझ्या देवाच्या घरी जाऊन बसू? मला करमंल का तितं?”

माझा संयम सुटला. “आणि मी? मी एकटीनं जाऊ? मला करमेल? तिकडं मी कुणाशी भांडू?” इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा बोलले. बोलले कसली, ओरडलेच. बागेतल्या बाया कामं थांबवून बघायला लागल्या.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. भिंतीकडं नाही, माझ्याकडं. त्यांना हे कधी सुचलंच नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर दिसलं. पोटावरचा हात उचलून त्यांनी माझ्या गळ्यातल्या बोरमाळेला बोट लावलं. “येडी,” म्हणाले, “मंग तूच सांग की त्याला. तुझं ऐकतो म्हनतीस न्हवं? त्याला म्हनावं, माझा नवरा तुझ्याकडं तारण हाय. मुदत सरली तरी मोडू नगंस. मी येनार हाय सोडवाया.”

मला वाटलं, ते हसतायत. हसत नव्हते.

त्याच आठवड्यात सकाळी गेले. बागेत तोडणी चालू होती. भावकीनं त्यांचं सगळं त्यांच्या रीतीनं केलं आणि मी ते करू दिलं. पुरुष घेऊन गेले, मग बायका माझ्याभोवती जमल्या, बांगड्या काढल्या, आणि जाऊबाई ओला पदर घेऊन पुढं झाल्या, कुंकू पुसायला. पुसायला काही नव्हतंच. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी त्या पदरानं माझं तोंड पुसलं, कपाळ, गाल, हनुवटी, लहान मुलाचं पुसतात तसं, आणि माझ्या गळ्यात पडल्या. किती वर्षांनी त्या बाईचा हात माझ्या अंगाला लागला होता!

नंतर मी पास्टरांना सरळ विचारलं, “ते कुठं असतील?”

ते खोटं बोलणारे नव्हते. खाली बघून म्हणाले, “ताई, संधी असते ती मरणापर्यंतच.”

“म्हणजे मुदत?”

“हो. मुदतच म्हणा.”

मी त्यांच्याशी भांडले नाही. भांडायला ज्याच्याशी उभं राहावं असं माणूस उरलं नव्हतं. घरी येऊन दोन माणसांचा भात टाकला आणि टाकल्यावर लक्षात आलं.

बाग दिरांना वाट्यानं दिली. छाटणीनंतर त्यांच्या माणसानं गंधक धुरळलं आणि वास खिडकीतून आत आला. पूर्वी मी खिडक्या लावून घ्यायची. त्या दिवशी सताड उघडल्या आणि मध्ये बसून राहिले. भीती वाटली नाही असं नाही, ती वाटतेच, अजून वाटते. पण डोळे चुरचुरले, दुधाला वास लागला, आणि घरात माणूस आल्यासारखं वाटलं.

पुढच्या वर्षी मंचरला पुन्हा मांडव पडला. मी एकटीच गेले. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर पिशवी ठेवली, कुणी बसू नये म्हणून. शेवटी पास्टर नेहमीसारखं म्हणाले, “ज्यांचं तारण झालंय त्यांनी हात वर करा.”

मी उजवा हात वर केला. हा माझा झाला.

आणि मग डावा वर केला. मनात देवाला म्हटलं, आता नवऱ्याचा द्या. तो खोटा हात वर करत नव्हता, हे तुला माहीत आहे. हा खोटा नाही, हा मी मागून घेतेय. त्याला नको असेल, पण वाटणीत त्याचं नाव का गळावं?

पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून बघितलं. तिला वाटलं मी देवाची स्तुती करतेय, तिनं “हालेलुया” म्हणून टाळी वाजवली. पास्टरांनी प्रार्थना केली, आमेन झालं, आणि ते म्हणाले, “आता हात खाली घ्या.” मी उजवा खाली घेतला.